नातेवाइकांना कल्पना दिली आहे

मी हंडा उचलला नव्हता. हे आधी लिहून ठेवते, कारण आमच्या वाडीत अजून चार घरं अशी आहेत की जिथे माझा विषय निघाला की हंडाच निघतो. ऑपरेशननंतर हिने विश्रांती घेतली नाही, विहिरीवरून पाणी आणलं आणि स्वतःच्या हाताने वाटोळं करून घेतलं, असं बोलतात. ते पहिल्यांदा डॉक्टर बोलला. डॉक्टरला मी अरे-तुरे करते आहे. तोंडावर कधी केलं नाही, इथे करते.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माझी पिशवी काढली. पिशवीला गाठी होत्या. दोन वर्षं अंगावरून फार जायचं, रक्त कमी झालं होतं. मी रत्नागिरीजवळ एका काजूच्या कारखान्यात सोलायला बसते. सकाळी नऊला मांडी घालून बसायचं ते संध्याकाळपर्यंत गराची साल सुरीने काढायची. पाळीच्या दिवसांत मी काळी साडी नेसून जायचे आणि सगळ्या उठून गेल्यावर उठायचे. शेवटी थोरली जाऊ म्हणाली, "अशी किती दिवस भिंतीला पाठ लावून चालणार गो? काढून टाक एकदाची." शहरातला हा डॉक्टर आमच्या वाडीत दोनदा फुकट तपासणीचं शिबिर घेऊन गेला होता. त्याचा हात हलका आहे असं सगळे म्हणत. म्हणून त्याच्याकडे गेले.

नवरा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन आहे. त्याला रजा मिळाली ती ऑपरेशननंतरच्या आठवड्यातली. त्यामुळे दवाखान्यात कागदांवर सह्या करायला थोरले दीर, म्हणजे भावजी, आले. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आता रिटायर आहेत. विहारात वंदना तेच घेतात, जयंतीला भाषण तेच करतात. स्त्रीला समान हक्क कसे मिळाले यावर ते अर्धा तास बोलू शकतात आणि बायकांच्या डोळ्यांत पाणी आणतात. पण मी त्या घरात आल्यापासून माझ्याशी ते थेट बोललेले मला आठवत नाहीत. थोरला दीर आणि धाकटी भावजय यांनी समोरासमोर बोलायचं नाही, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. बऱ्याच घरांनी सोडली, आमच्या घराने धरून ठेवली. मी समोर उभी असले तरी ते जावेला सांगतात, "तिला सांग, लाइटबिल भरलंय." मग जाऊ माझ्याकडे बघून म्हणते, "ऐकलंस ना?" मी मान हलवते. लग्नानंतर काही दिवस मला याचं हसू यायचं. नंतर तेही येईनासं झालं.

ऑपरेशनला पाठीत इंजेक्शन दिलं. कमरेखाली काही कळत नव्हतं, पण मी जागी होते. छातीवर हिरवा पडदा लावला होता, त्याच्या पलीकडे डॉक्टर आणि भुलीचा डॉक्टर गप्पा मारत होते. डॉक्टरची आंब्याची बाग आहे. या वर्षी मोहोर कसा गळला, फवारणीवाल्याने कसं फसवलं, असं चाललं होतं. पोटात कोणीतरी कपडा पिळतंय तसं ओढल्यासारखं लागत होतं, दुखत नव्हतं. मग तो फवारणीवाल्याला शिवी देता देता मध्येच थांबला. "अरे," एवढंच म्हणाला. पुढे इंग्रजी सुरू झालं. आवाज खाली गेले. एक सिस्टर माझ्या तोंडाकडे बघून पटकन दुसरीकडे बघायला लागली. थोड्या वेळाने तो मराठीत म्हणाला, "हिचे नातेवाईक कोण आहेत? दारात बोलवा."

मला कळलं होतं की काहीतरी झालंय. एवढंच विचारायचं होतं, काय झालं डॉक्टर? पण मी उघडी पडलेली, डोक्यावर तो मोठा दिवा, पडद्यापलीकडे दोन पुरुष. मला लहानपणापासून दुकानात सुटे मागायचीसुद्धा लाज वाटते. मी डोळे मिटून घेतले. त्याचा राग मला डॉक्टरवर आहे तेवढाच स्वतःवर आहे, आणि स्वतःवरचा कमी होत नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टर लग्नाला बाहेरगावी गेला होता. त्याच्या हाताखालचा एक तरुण डॉक्टर राउंडला आला. लघवीची नळी लावलेली होती आणि तिची पिशवी खाटेला लोंबत होती. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. तरुण डॉक्टरने विचारलं, "नळीचा त्रास होतोय का?" मी हळूच हो म्हटलं. "मग काढून टाकू." भावजी तेव्हा दारातच उभे होते. मी बघितलं, त्यांनी बोलायला तोंड उघडलं. डॉक्टर त्यांच्याकडे वळला. "काय काका?" भावजी म्हणाले, "काही नाही. चहा घेऊन येतो." आणि गेले. नळी काढली. मला फार बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू.

घरी आल्यावर दोन दिवसांनी, ऑपरेशनपासून नवव्या दिवशी, सकाळी उठले तर अंथरूण ओलं. मला वाटलं घाम. उठून उभी राहिले तर पायावरून धार लागली. मी थांबवायला बघत होते आणि थांबत नव्हतं. ते माझ्या हातात राहिलंच नव्हतं. बसलं तरी गळायचं, झोपलं तरी गळायचं. जुन्या साड्या फाडून घड्या घेतल्या, तासाभरात त्या भिजायच्या. नवरा रजेवर आला होता. दुसऱ्या दिवशी त्याने पडवीत अंथरूण टाकलं. "तुला मोकळं झोपता यावं म्हणून," म्हणाला.  रजा संपली तसा गेला.

मी आणि जाऊ परत दवाखान्यात गेलो. डॉक्टरने तपासलं. तपासताना त्याचा चेहरा मी बघितला. त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. हात धुऊन खुर्चीत बसला आणि विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठून आणता?"

जाऊ म्हणाली, "नळ आहे, पण एप्रिल लागला की बंद. मग खालच्या विहिरीवरून."

"झालं तर," तो म्हणाला. "हंडा उचललात तुम्ही. मी सांगितलं होतं ना वजन उचलायचं नाही? टाक्यांवर ताण आला."

"नाय उचलला हिने," जाऊ म्हणाली. "पाणी मी भरते."

"तुम्ही चोवीस तास लक्ष ठेवून असता का?" तो हसला. "बायकांना सांगून कळत नाही. अशक्तपणा आहे, हळूहळू थांबेल." गोळ्या लिहून दिल्या.

आम्ही वाडीत पोचायच्या आधी हंडा वाडीत पोचला होता. त्याचा कंपाउंडर वरच्या आळीतला आहे. ज्या बायका भेटायला आल्या त्या दारातूनच म्हणायच्या, "कशाला गो घाई केलीस?" मी नाही म्हटलं की एकमेकींकडे बघायच्या. लाजरी बाई नाही म्हणते तेव्हा ते हो सारखंच ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं. महिन्याभराने कारखान्यात गेले. घड्या घेऊन, वर प्लास्टिक बांधून बसले. दुपारपर्यंत माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका हातभर सरकल्या होत्या.  एकीने खिडकी उघडली. संध्याकाळी देखरेखीची बाई म्हणाली, "तू पूर्ण बरी हो आणि मगच ये." त्या बायकांच्या पोरांच्या बारशाला मी गेलेली आहे. त्यांतल्या एकीलाही मी अजून माफ केलेलं नाही, आणि रोज त्यांच्याच शेजारी बसते.

दोन महिने गोळ्या खाऊन काही थांबलं नाही तेव्हा जाऊ म्हणाली, "चल, कोल्हापूरला मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊ. या मेल्याच्या गोळ्यांनी विहीर आटेल, तुझं नाय आटणार." ही बाई तोंडाने फार वाईट आहे. तिने मला आयुष्यभर टोचून खाल्लंय. पण एस.टी.त घाटभर ती माझ्या शेजारी बसली. वास येत होता, मला माहीत होतं. ती बडबडत राहिली आणि खिडकी उघडली नाही.

तिथली डॉक्टरीण माझ्यापेक्षा वयाने लहान होती. तिने लघवीच्या जागेत निळं औषध सोडलं आणि आत कापसाचे बोळे ठेवले. थोड्या वेळाने बोळे काढले तर वरचा निळा झालेला. तिने तो मला दाखवला. "हे बघा मावशी, तुमच्या मूत्राशयाला भोक आहे. म्हणून गळतंय. अशक्तपणाचा काही संबंध नाही."

"हंडा उचलून पडतं का?" मी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी डॉक्टरला काही विचारलं होतं.

"हंडा? कोण म्हणालं?" मग तिने पहिल्या दवाखान्याचे कागद मागितले. मी फाइल दिली. ती वाचता वाचता थांबली. "इथे लिहिलंय की. ऑपरेशन करताना मूत्राशयाला इजा झाली, लगेच शिवली. नळी चौदा दिवस ठेवावी. नातेवाइकांना कल्पना दिली आहे." तिने वर बघितलं. "नळी चौदा दिवस होती ना?"

"पाच दिवस."

 कागद माझ्याकडे वळवून तिने बोट ठेवलं. इंग्रजी ओळींखाली भावजींची सही होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करत तशी, वळणदार, खाली रेघ मारलेली. ती फाइल दोन महिने माझ्या उशाशी होती.

"तुमचं आधी सीझर झालंय, तसं असलं की आत चिकटलेलं असतं, कात्री लागू शकते," डॉक्टरीण म्हणाली. "कोणाच्याही हातून होतं. नळी ठेवली तर बहुतेक वेळा भरून येतं." ती मला समजावत होती. मला ते ऐकून जास्तच राग आला. कात्री लागली ते मी सोडून देईन. पण ज्याला माहीत होतं त्याने माझ्या तोंडावर हंड्याची गोष्ट बनवली, आणि ज्याने सही केली तो चहा आणायला गेला.

जाऊ तेव्हा बाहेर बाकावर होती. मी तिला सहीचं काही सांगितलं नाही. भोक आहे, परत ऑपरेशन आहे, एवढंच सांगितलं. श्रावणात तिथे दुसरं ऑपरेशन झालं. या वेळी नळी तीन आठवडे ठेवली. कोणी विचारलं तर मीच सांगायचे, काढायची नाही. गळायचं थांबलं. पहिल्या कोरड्या सकाळी मी अंथरुणावर हात फिरवत कितीतरी वेळ बसले होते.

बरी होऊन घरी आले तशी वाडीत बातमी गेली की मी आता कोर्टात जाणार. मी कोणाला काही बोलले नव्हते, पण कोल्हापूरला जाऊन आलेल्या बाईविषयी असंच बोलतात. मग कंपाउंडर एक टाइप केलेला कागद घेऊन भावजींकडे आला. त्यावर मी सही केली की प्रश्न मिटेल, डॉक्टर पुढचे सगळे उपचार फुकट करील आणि वाडीतलं शिबिरही चालू ठेवील, असं होतं. भावजींनी तो कागद पौर्णिमेच्या बैठकीत ठेवला. वंदना झाली की आमच्या विहारात वाडीची बैठक बसते. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. बाईचं काही म्हणणं असेल तर तिच्या घरचा पुरुष उठून मांडतो.

भावजींनी कागद मोठ्याने वाचला. "ऑपरेशननंतर सांगितलेली विश्रांती मी घेतली नाही. जड वजन उचलल्यामुळे मला त्रास झाला. डॉक्टरांविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही." त्यांचा आवाज चांगला आहे. धडा वाचल्यासारखं त्यांनी वाचलं. ऑपरेशनमध्ये खरं काय झालं हे त्या सभेत मला माहीत होतं आणि त्यांना माहीत होतं.

बैठकीचे अध्यक्ष म्हणाले, "चूक कोणाचीही असू दे, आता बाई बरी झाली ना? शिबिर बंद पडलं तर नुकसान सगळ्या वाडीचं आहे. सही करून टाकावी."

तेव्हा जाऊ उठली. "कसली जड वजनं? चाळीस दिवस हिच्या वाटचं पाणी मी भरलंय. माझी कंबर मोडली ती काय नाचून मोडली?"

पुरुषांत हसू पिकलं. भावजी म्हणाले, "तू खाली बस."

"नाय बसत. लिहा त्यात माझं नाव. हंडे मी उचलले, माझं का नाय गळलं, इचारा त्या डॉक्टरला."

अजून हसले. आता सगळे हसतील, चहा येईल आणि कागद माझ्यापुढे सरकेल हे मला दिसत होतं. मी उठले.  डोक्यावरून पदर घेतला होता तो तसाच होता. मी म्हटलं, "भावजी, ऑपरेशन चालू असताना डॉक्टरने तुम्हाला दारात बोलावून काय सांगितलं, ते इथे सांगा."

हसू बंद झालं. अध्यक्ष म्हणाले, "ते घरातलं घरात बोला."

"घरात बोलत नाहीत, म्हणून इथे विचारते."

 मी बसले नाही. शेवटी भावजींनी घसा साफ केला. "डॉक्टर म्हणाले... आतल्या एका भागाला कात्री लागली."

"कुठल्या?" जाऊ ओरडली.

"लघवीच्या पिशवीला," ते म्हणाले. जयंतीच्या भाषणात शेवटच्या माणसापर्यंत जाणारा तो आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही. "शिवली म्हणाले. नळी चौदा दिवस ठेवायची म्हणाले. मी सही केली."

"आणि पाचव्या दिवशी नळी काढली तेव्हा तुम्ही दारात होतात," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला कसं सांगणार होतो मी?" ते म्हणाले. "भावजयीला असलं कसं सांगतात?"

"मला सांगायचंत!" जाऊ म्हणाली. "मी काय मेले होते?"

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत वाडीला कळलं असतं."

कोणी हसलं नाही. मी कागदावर सही केली नाही आणि तो फाडलाही नाही. घडी करून पोलक्यात ठेवला. भावजींची अडचण मला कळते. मी त्याच घरात राहते, तीच लाज मीही पाळली आहे. कळते म्हणून माफ करावी असं मला वाटत नाही. एक शब्द उच्चारायला त्यांना जड गेला, त्याचं ओझं मी पाच महिने अंगावर वागवलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी डॉक्टरकडे गेले. नंबर लावला, दीड तास बसले. आत गेल्यावर दार लोटलं नाही, उघडंच ठेवलं. कोल्हापूरचा कागद आणि त्याचाच कागद त्याच्यापुढे ठेवला.

"तुमच्या घरच्यांना सांगितलं होतं," तो कागदाला हात न लावता म्हणाला. "त्यांची सही आहे."

"भोक घरच्यांना नव्हतं, मला होतं. मी जागी होते. माझ्यापासून हातभर लांब उभे होतात तुम्ही."

"तुम्हाला घाबरवायचं नव्हतं."

"मग हंडा कुठून आला?"

तो बाहेर बघायला लागला. बाहेरच्या बायका आत बघत होत्या. "तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा," तो म्हणाला. "काही होत नाही त्याने. पुढचा पेशंट पाठवा."

मी बाहेर आले. तोपर्यंत तक्रारीचं माझ्या मनात पक्कं नव्हतं. हंडा मी उचलला नाही एवढं वाडीला कळलं, ते पुरे असं वाटत होतं. बाकावर एक तिशीतली बाई सासूबरोबर बसली होती. तिच्या मांडीवर फाइल होती. ती हळूच म्हणाली, "काकी, माझीपण पिशवीच काढायची आहे. आत काय विचारू?"

मी तिला सांगितलं, "नळी किती दिवस ठेवणार ते विचार. आणि मध्ये काही झालं तर दारात कोणाला सांगू नका, मला सांगा, असं आधी बोलून ठेव."

सासूने तिचा दंड धरला. "चल गो आत. भांडून आलेल्या बाईचं काय ऐकत बसतेस?"

मी तिथेच बसून राहिले. काउंटरवरची मुलगी दोनदा म्हणाली, "मावशी, तुमचं झालंय ना?" मी उठले नाही. दहा मिनिटांनी त्या दोघी बाहेर आल्या. सून माझ्याकडे न बघता चपला घालायला गेली. सासू काउंटरवर विचारत होती, "सोमवारी उपाशीपोटीच आणायची ना?"

घरी येऊन मी तक्रारीचा अर्ज लिहायला बसले. चार कागद फुकट गेले. जाऊ शेजारी बसून प्रत्येक ओळीला शिव्या सुचवत होती, त्यांतली एकही घातली नाही. साक्षीदार म्हणून भावजींचं नाव मी त्यांना न विचारता लिहिलं. शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीने रत्नागिरीला जाऊन सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात उभी राहिले आणि सांगितलं, घाई आहे, एका बाईचं ऑपरेशन आहे. कारकुनाने अर्ज उलटसुलट करून बघितला.

"साहेब मीटिंगला गेलेत," तो म्हणाला. "सोमवारी या."